चौतिसाव्या घरातली टिक

शाबुओथच्या दिवशी दुपारचे चार वाजले तरी अण्णा थळकरांनी दाढी केली नव्हती. तिथेच दीनाआत्यांना कळलं, काहीतरी बिनसलंय.

थळकर ज्यू. त्यांच्या घरची रीत अशी, की वल्हांडण सणाच्या दुसऱ्या संध्याकाळपासून रोज सूर्य मावळला की एक दिवस मोजायचा. आधी आशीर्वाद म्हणायचा, मग मोठ्याने आकडा. अशा एकोणपन्नास संध्याकाळी. तोवर घरातल्या पुरुषांनी दाढीला हात लावायचा नाही. पन्नासावा दिवस म्हणजे शाबुओथ, आणि तो आदल्या सूर्यास्तालाच सुरू होतो. दर वर्षी त्या सणाच्या आधी अण्णा अर्धा तास बाथरूम अडवून बसत आणि दहा वर्षांनी लहान होऊन बाहेर येत. यंदा मात्र ते चारकोपच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत दाढीसकट पेपर वाचत बसले होते. पेपरही कालचाच होता.

"रूबेन, उठ की रे! सात वाजून आठ मिनिटांनी दिवस मावळतो. दाढीतच मेणबत्त्या लावायच्या का आता?"

दीनाआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ठाण्याहून सणाला आली होती. वय ब्याऐंशी, आवाज पंचविशीतला.

"या वर्षी राहू दे, दीनाताई."

"राहू दे म्हणजे?"

"राहू दे म्हणजे राहू दे."

आत्या तणतणत स्वयंपाकघरात आल्या. तिथे अण्णांचा मुलगा एली चायनाग्रासचा हलवा घोटत होता. हा सण दुधातुपाचा, मटणाचं नाव नाही, त्यामुळे घरभर दूध आणि वेलचीचा वास होता.

"तुझ्या बापाला झालंय काय रे?"

"मला काय माहीत? रुसलेत."

"त्या नावावरून?"

एलीने मान हलवली. खरं म्हणजे गेले दहा दिवस तो दोन्ही बाजूंना फक्त मानच हलवत होता. बाप ज्यू. बायको सिंथिया मरोळच्या गावठाणातली कॅथलिक. अठरा वर्षांपूर्वी लग्न करून तो मरोळलाच राहायला गेला, तेव्हापासून मानेला दोन्हीकडे वळायची सवय झाली होती. पण आता प्रश्न त्याच्या मुलीचा होता. लिया सोळा वर्षांची. येत्या रविवारी, पेंटेकॉस्टच्या सणाला, तिचं कन्फर्मेशन होतं. बिशप येणार, कपाळाला तेल लावणार आणि तिने स्वतः निवडलेल्या नावाने तिला हाक मारणार. बाकीच्या पोरींनी संतांची नावं शोधली. लियाने निवडलं रूथ. तिच्या आजीचं नाव, अण्णांच्या बायकोचं. रूथला जाऊन दोन वर्षं झाली होती.

अण्णा नाही म्हणाले. कारण विचारलं तर पुन्हा नाही म्हणाले. आणि लिया हट्टाला पेटली, की अण्णा हो म्हणाले तरच ते नाव, नाहीतर दुसरं कुठलंच नको. चर्चच्या सिस्टरना आज संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं होतं, कारण उद्या कार्डं छापायची होती.

"माझंही नाहीच आहे," आत्या म्हणाल्या. "आमच्या रूथचं नाव चर्चमध्ये कशाला न्यायचं? त्या मरोळच्या बाईने भरवलं असेल पोरीच्या डोक्यात."

"आत्या, हळू. त्या आल्या वाटतं."

त्या मरोळच्या बाई म्हणजे सिंथियाची आई, फिलोमिना. सगळे तिला फिलूमाय म्हणत. तीन मजले चढून ती दारात थांबली, श्वास घेतला आणि चौकटीवरच्या मेझुझाकडे, पवित्र वचनाच्या त्या डबीकडे बघून हात जोडले.

"चला गं, आमच्या येशूच्या आजोळी आलो," ती म्हणाली, आणि मागून येणाऱ्या सिंथियाने डोळे मिटले, कारण आई दर वर्षी हेच म्हणायची.

सिंथियाच्या हातात मोठा डबा होता. लियाच्या खांद्याला पिशवी, तोंडावर बारा वाजलेले. ती सरळ गॅलरीत गेली नाही. आत्यांच्या पाया पडली आणि खुर्चीवर बसून राहिली. एरवी ही पोरगी आली की आधी आजोबांच्या गळ्यात पडायची. सिंथियाला ते बघवेना. लग्नानंतर ती पहिल्यांदा या घरी आली तेव्हाच रूथने तिला विचारलं होतं, तुला आमच्याकडचं काय आवडत नाही ते आधी सांग, आवडतं ते आपोआप कळेल. अशी सासू होती. तिचं नाव आपल्या मुलीने मागावं, यात वावगं काय, हे सिंथियाला कळत नव्हतं. पण सासऱ्यांना उलट बोलणं तिला जमत नसे, म्हणून तिने डबा उघडला.

"अण्णा, आईने पाव आणलेत. लियाने सांगितलं होतं. दोन."

डब्यात खरपूस भाजलेले दोन गुबगुबीत पाव होते.

"आमच्या तळायच्या फुग्यांचंच पीठ हाय," फिलूमाय घाईघाईने म्हणाली. "पन तळले नाय, भाजले. ट्रे नवा आणला, पातेलं पन नवं. आमच्या घरातलं काय बी लागलं नाय त्याला. दीनाबाय, तुमी निवांत खावा."

दीनाआत्यांनी पावाकडे बघितलं, मग फिलूमायकडे. नव्या ट्रेचा मुद्दा त्यांना अपेक्षित नव्हता.

"खमीर कितीचं?" त्यांनी विचारलं.

"काल रातचं. सकाळी परत मळलं."

"मी पण रात्रभरच ठेवते. या उकाड्यात आंबत नाही का?"

"तर! म्हनून ओलं फडकं घालायचं न् पंख्याखाली ठेवायचं."

"बघ एली, मी सांगत होते ना, पंखा!" आत्या म्हणाल्या, आणि दोन्ही म्हाताऱ्या पिठावर घसरल्या. पुढची दहा मिनिटं त्या मरोळच्या बाईचं नाव फिलोमिनाबाई झालं होतं.

तेवढ्यात अण्णा आत आले. पाव दिसले आणि त्यांचा हात सवयीने कपाटाकडे गेला. एकतीस वर्षं सरकारी वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेली. निवृत्तीला वीस वर्षं झाली तरी छोटा ताणकाटा कपाटात वरच्या बाजूलाच असायचा. त्यांनी एकेक पाव फडक्यात बांधून काट्याला टांगला.

"सहाशे वीस. पाचशे नव्वद." ते म्हणाले. "जेरुसलेमच्या मंदिरात सारख्या मापाचे लागायचे."

"तीस ग्राम हवा भरली आसंल एकात," फिलूमाय म्हणाली. "पन मला सांगा अण्णा, हे मंदिरात दोन पाव कशाला? ही पोरगी फोनवर काय काय सांगत व्हती, मला काय समजलं नाय."

अण्णांना बोलायचं नव्हतं. पण कुणी अर्धवट माहिती घेऊन बसलंय हे त्यांना सहन होत नसे, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं, फिलूमायला सगळ्यात जास्त.

"नवा गहू निघाला की त्याचे दोन पाव," ते बसत म्हणाले. "आणि खमिराचे. वल्हांडणाला आपण बिनखमिराची भाकर खातो, कारण मिसर देशातून पळायचं होतं, पीठ फुगायला वेळ कुठे होता? पन्नास दिवसांनी खमिराचा पाव. पीठ फुगेपर्यंत थांबता येतं, म्हणजे आता आपण कुणाचे गुलाम नाही. आणि याच दिवशी सीनाय डोंगरावर आज्ञा मिळाल्या. डोंगरावर आग, धूर, गडगडाट."

"आमच्यात बी आगच हाय की! वारा सुटला न् आगीच्या जिभा शिष्यांच्या डोस्क्यावर."

"तेच तर, माय!" लियाला राहवलं नाही. ती खुर्ची ओढून पुढे आली. "येशू स्वर्गात गेल्यावर शिष्य एका घरात जमून बसले होते, आणि जेरुसलेममध्ये देशोदेशीचे लोक नेमके त्याच दिवशी कसे काय हजर होते? कारण शाबुओथ होता! सणाला आले होते सगळे. पवित्र आत्मा आला तो यांच्याच सणाच्या दिवशी. आपण ईस्टरपासून पन्नास मोजतो, ते मोजणं यांचंच आहे."

"म्हंजे बोलावनं यांचं न् जेवून आलो आमी," फिलूमाय खूश होऊन म्हणाली. दीनाआत्याही फस्सकन हसल्या.

"आणि मग शिष्यांतला पीटर बोलायला लागला," लिया म्हणाली, "तर प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. म्हणजे मायला मरोळच्या बोलीत, आत्याआजीला अलिबागच्या."

"आणि रूबेनला?" आत्यांनी विचारलं.

"अण्णांना आकड्यात."

एली हसला आणि बापाकडे बघून थांबला. अण्णांच्या दाढीत कुठेतरी काहीतरी हललं होतं, पण ते हसू होतं की नाही, सांगता येत नव्हतं.

"डोंगरावर आज्ञा दगडावर लिहून मिळाल्या," लिया आता थेट त्यांच्याकडे बघत होती. "सिस्टर म्हणतात, पेंटेकॉस्टला त्याच काळजात आल्या."

"दगडावरचं पुसलं जात नाही," अण्णा म्हणाले. "काळजातलं माणूस विसरतो."

"विसरतो ना. म्हणून आठवण करून द्यायला कुणीतरी लागतं. आमच्याकडे ते काम पवित्र आत्म्याचं. अण्णा, साडेसहा वाजले. मला सिस्टरना कळवायचंय. रूथ चालेल का?"

स्वयंपाकघरात हलवा थापायचा आवाज बंद झाला. एली कालथा हातात घेऊन दारात उभा राहिला.

"नाही," अण्णा म्हणाले.

आणि इथे दीनाआत्या उलटल्या. दोन तासांपूर्वी त्याही नाहीच म्हणत होत्या, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"का पण? कारण सांगशील की नाही? पोरगी एवढी जीव तोडून विचारतेय, न् तू आपला नाही, नाही! ती गोष्टीतली रूथ कोण होती? परक्या जातीची सून. सासूचा हात धरून आली न् आपल्यातली झाली. आज वाचतो ना आपण तिची गोष्ट, याच सणाला? मग रूथ नाव काय तुझ्या एकट्याच्या मालकीचं आहे का रे?"

"आता कसं बोललात, दीनाबाय!" फिलूमाय म्हणाली.

अण्णा उठले. बेडरूममध्ये गेले आणि एक जाड, जुनी वही घेऊन आले. तिच्यावर दोरा गुंडाळलेला होता. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि शेवटचं पान उघडलं. पानावर एकोणपन्नास घरं आखलेली होती.

ही वही रूथची. अण्णांना मोजायला वही लागत नसे. ते गॅलरीत उभे राहून तोंडपाठ मोजत आणि ती आतल्या खोलीत मोजून वहीतल्या घरात टिक करी. लग्नानंतरची चव्वेचाळीस वर्षं, चव्वेचाळीस पानं, एकही घर रिकामं नाही. अण्णांना आयुष्यात एवढं चोख दुसरं काही सापडलं नव्हतं. ती गेल्यावर पुढची पानं त्यांनीच आखली, टिका तेच करू लागले.

"पाच मेला संध्याकाळी मी कुठे होतो?" त्यांनी विचारलं.

"हॉस्पिटलमध्ये," सिंथिया म्हणाली. "पित्ताशयाचं ऑपरेशन."

"चौतिसावी संध्याकाळ होती. मी गुंगीत. मोजणार कोण? एक दिवस गेला की मोजणी तुटली. पुढचे पंधरा दिवस मी आशीर्वाद न म्हणता मुकाट्याने मोजलं. कुणाला सांगू? लाज वाटली मला. मग कसली दाढी न् कसला सण!" त्यांचा आवाज चढला होता. "आणि घरी येऊन वही उघडतो तर चौतिसाव्या घरात ही टिक. माझी नाही. माझी टिक अशी लपेटदार नसते. लिया, ही तू केलीस ना?"

"हो."

"एकतीस वर्षं मी खोटे शिक्के पकडले. तराजूखाली लोहचुंबक लावणारे पकडले. आणि माझ्याच घरात माझी नात म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटी टिक करते. तिला मी माझ्या रूथचं नाव देऊ? जिने एक दिवस चुकवला नाही तिचं?"

दहा दिवस अडलेलं कारण असं टेबलावर येऊन पडलं होतं. एलीला पोरीचा राग यावा की बापाची कीव यावी कळेना. सिंथियाने लियाकडे बघितलं, तर लिया तोंड उघडं टाकून आजोबांकडे बघत होती.

"अण्णा, तुम्हाला खरंच काहीच आठवत नाही?"

"काय आठवायचंय?"

"थांबा. सहा एक्केचाळीस. अजून वेळ आहे." तिने फोन काढला, वेड्यासारखी बोटं फिरवली आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

आधी हॉस्पिटलच्या यंत्राचा टीं टीं आवाज आला. मग लियाचा: "अण्णा, ऐकताय ना? चौतिसावा दिवस आहे. म्हणा माझ्यामागून. आज चौतीस दिवस, म्हणजे चार आठवडे आणि पाच दिवस."

मग एक जड, चिकटलेला आवाज आला. तो अण्णांचाच होता.

"गणित कोण शिकवतं गं तुला? चार सत्ते अठ्ठावीस. अठ्ठावीस न् सहा. आज चौतीस दिवस, म्हणजे चार आठवडे आणि सहा दिवस. सहा! आणि त्या नर्सबाईंना बोलाव. बाटलीवर पाचशे मिली लिहिलंय, मला चारशे ऐंशी दिसतं."

फिलूमायने पदर तोंडात कोंबला. एलीच्या हातातला कालथा हलायला लागला. दीनाआत्या मात्र उघड उघड हसल्या, खुर्चीचा दांडा धरून.

अण्णा हसले नाहीत. "किती वाजताचं हे?"

"सहा मे, दुपारी दोन चाळीस. हे बघा. रात्री राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत मोजायचं, आशीर्वाद न म्हणता. मोजणी तुटत नाही. पुढे रोजच्यासारखं. तुम्ही स्वतः मोजलंत, माझी चूकसुद्धा काढलीत. मग मी इथे येऊन वहीत टिक केली. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"हा नियम मला ठाऊक आहे," अण्णा सावकाश म्हणाले. "तुला कुणी सांगितला?"

लियाने आईकडे बघितलं, मग वहीकडे.

"आजीने."

"रूथने? तिला काय गरज पडली होती?"

"अण्णा, ती विसरायची." आता लियाचे डोळे भरले होते. "पाहुणे आले की विसरायची, पुस्तक वाचत बसली की विसरायची. दुसऱ्या दिवशी दुपारचा स्वयंपाक करताना आठवलं की तशीच वही उघडायची, मोजायची आणि टिक करायची. मला म्हणायची, तुझ्या आजोबांना सांगू नकोस हं, पंचनामा करतील. मला ती म्हणून आवडायची. विसरायची, पण सोडायची नाही."

"मला फोन यायचा," दीनाआत्या छताकडे बघत म्हणाल्या. "दीनाताई, आज कितवा गं? दर वर्षी."

"तुला माहीत होतं?"

"तुला सोडून सगळ्यांना माहीत होतं रे."

अण्णांनी वही जवळ ओढली. रूथची पानं उलटू लागले. बहुतेक टिका निळ्या, स्वच्छ. पण मधूनच एखाद्या घरावर पिवळा डाग. टिकेशेजारी अंगठ्याचा, हळदीचा. या डागांवरून त्यांनी तिला किती वेळा सुनावलं होतं, पवित्र कामाची वही आहे, हात धुवत जा. ती हो म्हणायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा डाग. संध्याकाळी, स्वयंपाकाला लागण्याआधी मोजणाऱ्या बाईच्या हाताला हळद कुठून येणार, हा साधा प्रश्न एकतीस वर्षं दुकानदारांची चोरी पकडणाऱ्या माणसाला एकदाही पडला नव्हता.

ते मोजू लागले. ओठ हलत होते. पंचवीस पानांवर एकवीस डाग झाले आणि त्यांना पुढचं दिसेना. खांदे हलले. सिंथिया घाबरून उठली, पण ते हसत होते. हसत होते आणि दाढीवरून पाणी ओघळत होतं.

"चव्वेचाळीस वर्षं!" ते म्हणाले. "माझ्या नाकाखाली! आणि मी लोकांचे तराजू तपासत फिरलो!"

"अण्णा, सहा पन्नास," एली म्हणाला.

"अरे बापरे! माझा वस्तरा कुठाय?"

बाथरूमचं दार धाडकन लागलं आणि लगेच उघडलं. अर्ध्या तोंडाला फेस लावलेले अण्णा डोकावले.

"लिया! त्या सिस्टरना आधी कळव. एकदा मेणबत्त्या लागल्या की माझ्या घरात फोन नाही. आणि स्पेलिंग नीट घाल. रविवारी मी पुढच्या बाकावर बसणार, बिशप चुकीचं बोलले तर तिथेच उठून सांगेन."

"मी बी मागनं सांगीन!" फिलूमाय ओरडली.

लियाच्या बोटांना काही सुचेना. शेवटी सिंथियाने टाइप केलं आणि एलीने पाठवलं. सात वाजता दीनाआत्यांनी मेणबत्त्या लावल्या. अण्णा बाहेर आले तेव्हा हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं होतं आणि दहा वर्षांनी लहान झाले होते ते नेहमीसारखेच. त्यांनी द्राक्षरसावर आशीर्वाद म्हटला, मग दोन्ही पाव हातात धरून पावावरचा. सगळ्यांनी आमेन म्हटलं. फिलूमायचं आमेन सगळ्यात मोठं होतं. ताणकाटा टेबलावरच होता, तो त्यांनी सरकवून हलव्याच्या ताटामागे ठेवला.

"दोनी सारखेच लागतात की नाय?" फिलूमायने विचारलं.

"तीस ग्रॅमचा फरक आहे," अण्णा पाव चावत म्हणाले. "चालेल."

एलीने चमकून आत्यांकडे बघितलं. त्याच्या आयुष्यात हा शब्द त्याने बापाच्या तोंडून ऐकला नव्हता.

लिया हलवा खात होती. दहाही बोटं तुपाने माखलेली. अण्णांनी वहीला पुन्हा दोरा गुंडाळला आणि ती तिच्यापुढे धरली.

"पुढच्या वल्हांडणापासून ही तुझ्याकडे. दोन्हीकडचे पन्नास मोज, एका पानावर मावतील. घे, लिया रूथ."

"थांबा, आधी हात धुऊन येते."

"नको," अण्णा म्हणाले. "तशीच घे."